कॅश रिकामी आहे!

पतसंस्थेच्या हॉलमध्ये उभे राहून मोठ्याने उच्चारू नयेत अशी काही वाक्ये असतात. 'कॅश रिकामी आहे' हे त्यांतले पहिले. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत दोन वर्षांपूर्वी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी, हे वाक्य पंचविशीतल्या एका मुलीने फोनवर उच्चारले. पुढच्या पाऊण तासात संस्थेच्या पायरीवर जी गर्दी जमली, ती पाहून बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माझ्याही तळहाताला घाम सुटला.

मुलगी खोटे बोलत नव्हती. ती संस्थेचा संगणक विभाग सांभाळते. म्हणजे विभाग ती एकटीच. फोनच्या पलीकडे सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस होता. ती त्याला सांगत होती, "रीस्टार्टनंतर कॅश रिकामी आहे, भरायला वेळ लागणार, तोवर सगळं हळूच चालेल." संगणकवाल्यांची 'कॅश' म्हणजे नोटा नव्हेत. वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्याची ती जागा. इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग निराळे आहे, पण उच्चार एकच, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला स्पेलिंग ऐकू येत नाही. तिसऱ्या क्रमांकावरच्या गृहस्थांनी ते वाक्य ऐकले, पासबुक खिशात घातले, बाहेर जाऊन दोन फोन केले. उरलेले काम गावाने केले.

या भीतीला हसू नये. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. २०२० सालापासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. तिथे असतो तो फक्त विश्वास, आणि विश्वास हा काउंटरवरच्या खिडकीतून दिसणाऱ्या हालचालींवर चालतो. पैसे देणारा हात थांबला की माणसाच्या पोटात गोळा येतो. सर्व्हर हळू चालतो आहे की संस्था बुडते आहे, हे खिडकीबाहेरच्या मावशींना कसे कळावे?

त्या संस्थेत मी 'तज्ज्ञ संचालक' होतो. कशातला तज्ज्ञ, हे विचारू नका. आणि त्या सकाळच्या गोंधळात माझाही हातभार होता, तो आधीच कबूल करतो.

झाले ते असे. रविवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज गेली, यूपीएसने जमेल तेवढा वेळ तग धरला आणि मग सर्व्हर धाडकन बंद पडला. सोमवारी नऊ वाजता शिपायाने बटण दाबून तो सुरू केला. दहाला काउंटर उघडले. एरवी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच समोर येणारे खाते उघडायला मिनीट लागू लागले. संगणकाच्या खोलीतली ती मुलगी म्हणाली, "सर, अर्धा तास थांबू या." मी तज्ज्ञ. मी म्हणालो, "छे, बंद करून चालू कर, नीट होईल." तिने केले. झाले नाही. साडेदहाला चेअरमनसाहेब आले. त्यांनी तिसऱ्यांदा बंद करून चालू करायला लावले. या तिसऱ्या खेपेनंतरच तिने तो फोन लावला होता.

बंद करून चालू करणे हा आपल्या काळातला अंगारा आहे. टीव्हीला, मोबाइलला, मॉडेमला तो लागू पडतो, म्हणून तो सगळ्यालाच लागू पडतो अशी आपली समजूत होते. तो कधी कधी खरोखर गुण देतो, हेही खरे. एखादा प्रोग्रॅम मेमरी घेत राहून परत करीत नसेल, एखादे काम अडकून बसले असेल, तर रीस्टार्टने सुटका होते. पण जो आजार रीस्टार्टमुळेच झाला आहे, त्यावर रीस्टार्टचेच औषध देणे म्हणजे जागरणाने डोके दुखणाऱ्याला आणखी एक रात्र जागवणे. शिवाय त्याने पुरावा पुसला जातो. यंत्रात त्या क्षणी काय अडले होते, कोण कोणाची वाट पाहत होते, हे सगळे बटण दाबताच जाते. पंचनामा होण्याआधी जागा धुऊन काढण्यासारखेच ते.

रीस्टार्टनंतर यंत्र हळू का होते, हे मला समजले ते माझ्या जुन्या नोकरीच्या आठवणीतून. मी १९८३ साली बँकेत लागलो. त्याच वर्षी यंत्रीकरणाबाबत बँका आणि संघटना यांच्यात करार झाला, आणि पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. नोकऱ्या जातील या भीतीने तेव्हा मोर्चे निघत होते. पण ते नंतरचे. माझ्या पहिल्या शाखेत जाडजूड लेजरे होती आणि बचत खात्यांच्या लेजरांवर एक ज्येष्ठ लेजरकीपर बसत. खातेदार दारातून आत आला की यांचा हात लेजराकडे जाई. नंबर विचारायचा नाही. सही समोरच्या कार्डाशी ताडून पाहायची, ती नियमापुरती. ती त्यांच्या डोळ्यांत बसलेली. कोणत्या शिक्षकाचा पगार कधी जमा होतो, कोणत्या व्यापाऱ्याचा धनादेश कोणत्या वारी येतो, सगळे तोंडपाठ.

मग त्यांची बदली झाली. त्यांच्या खुर्चीवर आलेला माणूसही हुशार होता, हाताने त्यांच्याहून चलाख. लेजरे तीच, टेबल तेच, खातेदार तेच. तरी पंधरा दिवस आमच्या शाखेत रांग दारापर्यंत. प्रत्येक खात्यासाठी त्याला सूची पाहावी लागे, लेजर काढावे लागे, पान उलटावे लागे. लोक त्याच्यावर ओरडत. त्याचा दोष एवढाच, की आधीच्या माणसाच्या डोक्यातले काही त्याच्याबरोबर आलेले नव्हते.

सर्व्हर रीस्टार्ट करणे म्हणजे ही बदली. डिस्कवरची खाती जशीच्या तशी असतात. पण कालपर्यंत दिवसभर लागणारी पाने यंत्राने मेमरीत, म्हणजे डोक्यात, धरून ठेवलेली असतात. ती वीज जाताच पुसली जातात. सकाळी प्रत्येक पान पुन्हा डिस्कवरून काढावे लागते. त्यात फरक किती पडतो? ढोबळ हिशेब सांगतो. मेमरीतून एक गोष्ट उचलायला एका सेकंदाचा सुमारे एक कोटीवा हिस्सा लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ती शोधायला सेकंदाचा शंभरावा. म्हणजे एकास एक लाख. घरगुती भाषेत, ओट्यावरच्या डब्यातून साखर घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर तबकडीवरून ती आणायला अठ्ठावीस तास. रात्रीची एसटी पकडून परगावी जाऊन यावे तसे. नव्या प्रकारची, न फिरणारी एसएसडी डिस्क असेल तर सुमारे सतरा मिनिटे, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन येणे. पतसंस्थेत तबकडीवालीच होती. पण गंमत अशी, की एकदा आणलेली साखर डब्यात राहते. म्हणून वेळ दिला तर यंत्र आपोआप वेगात येते. आम्ही अर्ध्या तासात दोनदा तो डबा पालथा केला होता.

हे झाले एक कारण. दुसरे मला अधिक आवडले, कारण त्यात आपली कीर्द आणि खतावणी आहे. जुन्या पेढीवर व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत लिहायचा, खतावणी सावकाश. डेटाबेस नेमके हेच करतो. प्रत्येक बदल आधी नोंदवहीत, ज्याला ते लॉग म्हणतात, मग खात्याच्या पानावर. वीज अचानक गेली तर काही नोंदी कीर्दीत आहेत आणि खतावणीत नाहीत. काही खतावणीत उतरल्या, पण व्यवहार पुरा झालाच नव्हता. यंत्र पुन्हा उठते तेव्हा आधी कीर्द वाचते, राहिलेली खतावणी पुरी करते, आणि मग अर्धवट राहिलेले व्यवहार एकेक करून मागे घेते. चेन्नईच्या आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि आयबीएममधले त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली 'एरीज' नावाने ही रीत सविस्तर मांडली, आणि पुढच्या अनेक डेटाबेसांनी ती कमीअधिक फरकाने उचलली. तिच्यातली एक गोष्ट मला फार भावते. जे व्यवहार पुढे रद्दच करायचे आहेत तेही आधी जसे घडले तसे गिरवायचे, आणि मगच रद्द करायचे. मधले पान फाडायचे नाही. आमचे लेखापरीक्षक हेच सांगून थकले.

हे काम चालू असताना यंत्र दमलेले दिसते, पण ते दमलेले नसते. हिशेब जुळवत बसलेले असते. त्याच्या हातातली कीर्द हिसकावून पुन्हा बटण दाबले, तर त्याला पुन्हा वाचत बसावे लागते.

तिसऱ्या रीस्टार्टनंतर मात्र त्या मुलीने आम्हा दोघांना खोलीबाहेर काढले. "सर, तुम्ही हॉल सांभाळा," म्हणाली. म्हणण्यात उद्धटपणा नव्हता, पण आग्रह होता. हॉल सांभाळणे मला येत होते. तिने दर शनिवारी शिल्लक यादी छापून ठेवण्याची सवय स्वतःहून लावून घेतली होती. कोणी सांगितले नव्हते. कागद वाया जातो म्हणून व्यवस्थापकांनी एकदा हटकलेही होते. ती यादी मी काउंटरवर घेतली, दोन लिपिकांना शेजारी बसवले आणि १९८३ सालच्या पद्धतीने पैसे द्यायला सुरुवात केली. यादीतली शिल्लक पाहायची, सही ताडायची, व्हाउचर घ्यायचे, यादीवर पेनाने आकडा वजा करायचा. कॅशिअरला सांगितले, नोटांची बंडले खिडकीतून दिसतील अशी मांड. पहिल्या दहाबारा जणांना हातात पैसे मिळाले तसा पायरीवरचा आवाज उतरला. एका आजींनी पैसे मोजून घेतले, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा भरून टाकले. त्यांना फक्त पाहायचे होते.

इकडे आत ती काय करीत होती ते नंतर तिने मला समजावले. तिने आधी पाहिले, की नेमके दमले आहे कोण. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला, डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली. डिस्क कोण वापरते आहे? डेटाबेस नव्हे, तर व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम. त्याची संपूर्ण तपासणी रविवारी रात्री ठरलेली असे. रविवारी सर्व्हर बंद होता, म्हणून चुकलेले काम तो सुरू होताच करू लागला. एकेक फाइल पहिल्यापासून. प्रत्येक रीस्टार्टबरोबर पुन्हा पहिल्यापासून. डेटाबेसच्या फायली त्यातून वगळायच्या असतात, तसे बनवणारेच सांगतात. इथे कोणीतरी पूर्वी तो प्रोग्रॅम बदलताना ते राहून गेले होते. तिने तपासणी थांबवून रात्रीवर टाकली. बारापर्यंत काउंटर पळू लागले.

एक गोष्ट मात्र अडूनच होती. खातेउतारा. काही केल्या मिनिटाच्या आत येईना. याचे कारण ऐकून मला आमच्या गावातला शिंपी आठवला. डेटाबेस प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक आराखडा तयार करतो आणि पुन्हा पुन्हा वापरतो. रीस्टार्टनंतर जुने आराखडे जातात, आणि जे गिऱ्हाईक पहिले येईल त्याच्या मापाचा नवा बेतला जातो. त्या दिवशी पहिला उतारा काढला होता पिग्मीच्या एकत्रित खात्याचा. त्यात हजारो नोंदी. त्यासाठी सगळी वही पहिल्या पानापासून चाळणे हेच सोपे. मग तोच झगा सगळ्यांना. वर्षाला चार नोंदी असलेल्या विधवेच्या खात्यासाठीही यंत्र अख्खी वही चाळत होते. तिने तो एक आराखडा काढून टाकला, एका साध्या खात्याचा उतारा आधी काढला, आणि नवे माप बसले. त्यासाठी काही बंद करावे लागले नाही.

हळू चालणारे प्रत्येक यंत्र एकाच रोगाने आजारी नसते, एवढे मला त्यातून कळले. आमच्या एका स्नेह्यांचे घाऊक औषधांचे दुकान आहे. त्यांच्याकडे लांबलेल्या वीजबंदीनंतर उलटाच प्रकार झाला: जुनी बिले झटकन दिसत, नवे बिल साठवायला मात्र युग लागे. वाचणे ठीक, लिहिणे संथ. डिस्कांच्या नियंत्रक कार्डावर एक छोटी बॅटरी असते. तिच्या भरवशावर ते कार्ड 'लिहिले' असे आधी सांगते आणि खरे लिहिणे मागाहून करते. बॅटरी उतरली की ते प्रामाणिक होते. प्रत्येक अक्षर तबकडीवर उमटल्याशिवाय 'झाले' म्हणत नाही. दुसऱ्या एकाने वेग वाढावा म्हणून सर्व्हरमध्ये पैसे खर्चून मेमरी वाढवली. त्याचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत आवृत्तीवर चालत होते, आणि ती पानांच्या साठवणीसाठी दीड जीबीहूनही कमी मेमरी वापरते, यंत्रात कितीही असो. दहा माणसांचा स्वयंपाक आणि ओटा मात्र वीतभर.

काय हळू आहे, कधीपासून, सगळ्यांना की एकालाच, वाचताना की लिहिताना, आणि काल ते किती वेगाने चालत होते? हे प्रश्न विचारायला इंजिनीअर लागत नाही. शेवटचा तर सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर आपल्या बहुतेक कार्यालयांत कोणाकडेच नसते. प्रकृती ठणठणीत असताना रक्तदाब मोजून ठेवला नाही, तर दुखण्याच्या दिवशी वाढला किती हे डॉक्टर कशावरून सांगणार? आपण खर्च करतो तो यंत्रावर. ते ज्याला कळते त्या माणसावर खर्च करायचा म्हटला की संचालक मंडळात सगळ्यांना काटकसर आठवते.

त्या आठवड्यात बैठक झालीच. विषयपत्रिकेवर होते, संगणक विभागाकडून झालेल्या हलगर्जीपणाबद्दल आणि अफवा पसरण्यास कारणीभूत झाल्याबद्दल खुलासा मागवणे. मसुदा तयार होता. एक संचालक म्हणाले, मुलीला काढूनच टाकावे, लोकांना बरे वाटेल. मी सांगितले, दुसरा रीस्टार्ट माझ्या हुकमाने झाला, माझाही खुलासा मागवा. चेअरमनसाहेब बराच वेळ चष्मा पुसत होते. तिसरा त्यांचा होता. ते म्हणाले, "हा विषय पुढे ढकलू." तो अजून पुढेच आहे. यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या मात्र त्याच बैठकीत मंजूर झाल्या. तिच्या पगारवाढीचा विषय मी काढला. त्याला अनुमोदक मिळाला नाही.

सात महिन्यांनी ती पुण्याला गेली. दुप्पट पगारावर. जायच्या आधी आठवडाभर ती नव्या मुलाला शेजारी बसवून शिकवत होती. तरी नंतरचे पंधरा दिवस सगळे संथच. लोक त्याच्यावर ओरडत, तो घाबरून बटणाकडे हात नेई.

तिने त्याच्यासाठी एक शंभरपानी वही ठेवली आहे. ती मी परवा चाळली. पहिल्या पानावर आखीव तक्ता: रोज सकाळी साडेनऊला खाते उघडायला किती सेकंद, उतारा निघायला किती, दिवसअखेरीला किती; दोन वर्षांच्या नोंदी, एकाही कामाच्या दिवसाची सुटलेली नाही. मधे सूचना आहेत. सर्व्हर सुरू झाल्यावर काउंटर उघडण्याआधी अर्धा तास हाती ठेवावा. नेहमी येणारी पन्नास खाती आधी आपणच उघडून पाहावीत. पिग्मीचा उतारा सकाळी पहिला काढू नये. सर्व्हरची तारीख पडताळावी, मगच दिवस सुरू करावा. आणि शेवटी, लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ: 'हॉलमधून फोनवर बोलताना मेमरी म्हणावे. कॅश म्हणू नये.'